बुधवारी देऊ नये

नऱ्ह्यात, टाइल्सच्या शोरूमवर तिसरा मजला.
लिफ्ट आहे, तिच्यात सध्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे राहतात.
फायनान्सला छत्तीस, मार्केटिंगला एकोणतीस,
एचआरला आम्ही पाच,
म्हणून आमचा तास ग्रंथालयात, टेबलाच्या एका टोकाला.
दुसऱ्या टोकाला लोंढेकाका
पुस्तकांना खाकी कव्हरं घालत,
आमच्याहून जास्त लक्ष देऊन ऐकणारे.

खिडकीत हायवे. नवले पुलाचा उतार.
तापलेल्या ब्रेकचा वास आला की बिडकर सर थांबतात,
ट्रक नीट गेल्याचं ऐकतात,
मग पुढचा मुद्दा.

सर तासावर आहेत. तासाचे पैसे तिमाहीने,
तेही आठवण केली तर.
त्याआधी एकतीस वर्षं चिंचवडच्या कुठल्याशा कंपनीत
पर्सोनेल ऑफिसर.
कामगार 'पर्सनल' म्हणायचे, सर सांगतात.
पर्सनलमध्ये बोलावलंय म्हटलं की
माणूस आधी हात धुऊन यायचा.

मनुष्यबळ.
हा शब्द पहिल्यांदा फळ्यावर आला तेव्हा
मला आमचं गोदरेजचं कपाट आठवलं,
निगडीच्या घराच्या जिन्यात वळणावर अडकलेलं,
आणि खालून कोणीतरी ओरडतंय,
अजून दोन माणसं पाठवा रे.
माणसं आली. कपाट वर गेलं. सगळ्यांना चहा झाला.
पुस्तकातली व्याख्या चार ओळींची आहे,
तिच्यात चहा नाही.

युनिट आठ, सेपरेशन.
सरांनी पुस्तक मिटलं.
"लिहून घ्या. कमी केल्याचं पत्र बुधवारी देऊ नये."
पाचही पेनं थांबली. लोंढेकाकांचा डिंकाचा ब्रशही.
"गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी.
माणूस दिवसभर घरात आणि पत्र खिशात.
शुक्रवारी द्या. दुसऱ्या दिवशी निदान
सवयीने उठून, डबा घेऊन
कुठेतरी निघता तरी येतं त्याला."

दस्तगीरला संदर्भ लागतात.
"सर, हे कोणत्या लेखकाचं?"
"माझंच," सर म्हणाले. "उशिरा सुचलं."

मी लिहून घेतलं नाही.
आमच्या घरात तो गुरुवार अजून आहे.
पप्पांनी पंखा उतरवला, पाती पुसली,
मग ट्यूब, मग बरणीतले सगळे स्क्रू
लांबीप्रमाणे वर्तमानपत्रावर मांडले.
मी सातवीत. मला वाटलं, दिवाळी आली.
आईला शुक्रवारी कळलं,
भरलेला डबा ओट्यावरच राहिला तेव्हा.

सरांना मी कंपनीचं नाव विचारलं नाही.
हजेरीत माझ्या आडनावाशी ते जरा थांबतात,
किंवा मलाच तसं वाटतं.
ब्रेकचा वास असेल.

मग रोल प्ले. मी एचआर, मुग्धा कर्मचारी.
कोरा कागद पुढे सरकवला,
पाठ केलेलं वाक्य म्हणाले,
संस्थेच्या पुनर्रचनेमुळे वगैरे.
ती हसेल असं वाटलं होतं.
ती म्हणाली,
"आजचं कँटीनचं कूपन चालेल ना?"
याचं उत्तर आठही युनिटांत नव्हतं.
"चालेल म्हणा की, मॅडम,"
टेबलाच्या त्या टोकाकडून लोंढेकाका.

आता मी भोसरीत, इंटर्न.
मार्चमध्ये साहेबांनी सात नावांची यादी पाठवली.
"प्रिंट काढ. आजच देऊन टाकू."
मी कॅलेंडर पाहिलं.
"सर, टोनर संपलाय."
प्रिंटर माझ्या पाठीमागे
हिरवा दिवा लावून बसला होता.
"कधी येणार?"
"उद्या सुट्टी. परवा."

परवा टोनर आला.
सात पत्रं निघाली, गरम, एकही कागद न अडकता.
पहिल्या माणसाला निरोप पाठवला.
तो आला, दारातच उभा राहिला.
हात ओले होते त्याचे.
पत्राआधी दुसरं काहीतरी द्यावं म्हणून
मी ड्रॉवरमध्ये रुमाल शोधत राहिले.